तुमचा आवाज काढलेली फिल्म

अहो, तुमचा आवाज कुठेच सापडत नाहीये.

फोटो आहेत, चिक्कार आहेत. ऑफिसच्या निरोप समारंभातला आहे, गळ्यात हार आणि चेहरा असा की कुणीतरी नुकतंच रागावलंय. मीनलच्या बारशातला आहे. मागच्या गणपतीतला आहे, त्यात तुम्ही आरतीचं ताट धरून भलतीकडेच बघताय. पण मला फोटो नकोत. फोटोतले तुम्ही गप्प आहात, आणि गप्प तुम्ही मला जन्मभर भरपूर मिळालात. मला तुमचं ते ‘हं’ हवंय. काहीही बोलायच्या आधी घशातल्या घशात म्हणायचात ते. भेटायला येणारे सगळे म्हणतात, किती शांत माणूस होता. होता ना. इतका शांत की आता काही शिल्लकच ठेवलं नाही.

मीनल गुडगावहून येते आणि तुमचा फोन मांडीवर घेऊन बसते. परवा म्हणाली, ‘आई, बाबांनी एक पण व्हॉइस मेसेज नाही पाठवला यार कधी. सगळं टाइप. हे बघ, मी लिहिलंय “पोचले”, आणि बाबा लिहितात, “आपण सुखरूप पोचल्याचे कळले. आनंद झाला.”’ पोटच्या पोरीला ‘आपण’. आम्ही दोघी हसलो आणि हसता हसता रडलो. मग तिच्या लग्नाची सीडी काढली. तीत तुम्ही व्याह्यांशी बराच वेळ बोलताना दिसता, हातवारेसुद्धा करता, पण त्या व्हिडिओवाल्याने सबंध सीडीवर सनई घातलीय. तुमचे ओठ हलतात आणि सनई वाजते. मीनलने आवाज कमीजास्त करून पाहिला. सनईच कमीजास्त झाली.

आणि गंमत म्हणजे शेवटचा सगळा हिवाळा तुम्ही आवाज रेकॉर्ड करण्यात घालवलात.

तुम्ही आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात पुस्तक बदलायला गेला होतात आणि फिल्म शिकायला नाव घालून परत आलात. ‘ज्येष्ठांसाठी आहे. दर रविवारी. मोबाइलवर शिकवतात,’ म्हणालात. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, ‘या वयात हीरो व्हायचंय का?’ तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, ‘हीरो नाही. मी कॅमेरा. हीरॉइन मात्र शोधावी लागेल.’ आणि माझ्याकडे बघितलंत. सबंध संसारात तुम्ही माझ्याकडे असं बघितल्याचं मला तरी आठवत नाही. तव्यावरची पोळी करपली.

तुमची मास्तरीण म्हणजे निहारिका. आपल्या मीनलहून लहान, केस मुलासारखे कापलेले, आणि तोंडात सदा ‘बिल्कुल अंकल, बिल्कुल’. तिने रविवारी जे शिकवलं ते तुम्ही सोमवारी मला शिकवायचात, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून.

‘बघ कुमुद. लाँग शॉटमध्ये माणूस कुठे आहे ते कळतं. मिड शॉटमध्ये तो काय करतोय ते. आणि क्लोज-अपमध्ये त्याच्या मनात काय चाललंय ते.’

‘म्हणजे तुम्ही इतकी वर्षं लाँग शॉटमध्येच राहिलात की,’ मी म्हटलं. ‘कुठे आहात तेवढंच कळायचं. ऑफिसात.’

तुम्ही चिडला नाहीत. ‘हं,’ म्हणालात, ‘आता जवळ येतोय.’ आणि खरंच फोन घेऊन इतके जवळ आलात की मी लाटणं उगारलं. माझ्या हनुवटीवरचा तो केस कुणी मोठ्या पडद्यावर बघावा अशी माझी मुळीच इच्छा नव्हती. तेव्हापासून आपला करार झाला, क्लोज-अप फक्त हातांचा.

सगळ्या वर्गाला एकच विषय दिला होता: एक माणूस घरी येतो. बस्स, एवढंच. इनामदार भाऊजींनी, म्हणजे तुमच्या वर्गातल्या त्या रेल्वेतून रिटायर झालेल्या सोलापूरकरांनी, आपल्या नातवाला शाळेतून घरी आणलं. तुम्ही मला आणायचं ठरवलंत. पण आपल्या गाझियाबादच्या सोसायटीत लिफ्ट. ‘लिफ्टमध्ये माणूस घरी येत नाही, वर जातो,’ तुम्ही म्हणालात. तुम्हाला जिना हवा होता. मग तुम्हाला आपला दिल्लीतला, लक्ष्मीबाई नगरचा जिना आठवला.

मी ‘नको’ म्हटलं. सरकारी क्वार्टर, आपण सोडलं त्याला युग लोटलं, आता तिथे कोण राहत असेल, त्यांना काय सांगणार. तुम्ही ऐकलं नाहीत. जन्मात कुणाकडे चहाची साखर मागायला न गेलेला माणूस, पण त्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन बेल वाजवलीत. ओडिशाच्या कुणी बाई होत्या, नवरा आपल्यासारखाच सेक्शन ऑफिसर. तुम्ही हिंदीत सगळं इतकं सविस्तर सांगितलंत की त्या बिचाऱ्या घाबरल्या, वाटलं इन्स्पेक्शन आहे. मग कळल्यावर हसल्या. ‘आइए न, आप ही का घर है,’ म्हणाल्या. आत जाऊन बघायचं माझं धाडस झालं नाही. दारातूनच दिसलं, फ्रीज आपण ठेवायचो तिथेच होता.

बाहेर धुकं होतं. कडुनिंब अर्धे दिसत होते, अर्धे नव्हते, पार्कातला पाण्याचा नळ कुठून तरी टपटपत होता. तुम्ही पार्कच्या टोकाला फोन धरून उभे, इनामदार भाऊजी जळमटं काढायच्या काठीला माइक बांधून, आणि मी हातात भाजीची पिशवी घेऊन गेटपाशी. तुम्ही लांबून म्हणालात, ‘हं, चल.’ मी चालायला लागले, आणि खरं सांगू, चार पावलं गेल्यावर मला कळेना मी कधीची आहे. वाटलं आता वर जाईन, मीनलची शाळा सुटायची वेळ झाली असेल, कणीक भिजवायची आहे. पिशवीतले मुळे मनगटाला लागत होते. तुमची हाक आली, ‘थांब, इकडे बघितलंस.’

बघितलं म्हणून बिघडलं. पहिल्यापासून तोच तंटा. ‘कॅमेऱ्याकडे बघू नकोस, कुमुद. इथे कुणी नाहीये असं समज.’ मी काय करू? तुम्ही बोलायचात आणि मी बघायचे. आमच्या माहेरी बोलणाऱ्याकडे न बघता उत्तर दिलं तर उद्धट म्हणायचे. आणि तुम्ही तरी गप्प कुठे बसायचात? आयुष्यभर चार शब्दांत दिवस काढलेला माणूस, हातात फोन आला की नुसता सुरू. ‘हं, चल. हळू. कठड्याला हात लाव. आता थांब. दमलीस असं दाखव.’ मी म्हणायचे, ‘दाखवायला कशाला हवं, दमलेच आहे.’

त्या मुळ्यांनी तर छळ मांडला. पहिल्या रविवारी पिशवीतून त्यांची पानं कशी ताठ बाहेर आली होती, तुम्हाला ती फार आवडली. म्हणून पुढच्या रविवारपर्यंत मुळे तसेच ठेवायचे, भाजी करायची नाही, असा हुकूम निघाला. मी सांगत होते, नवे घेऊ. तुम्ही म्हणालात, ‘नवे वेगळे दिसतील, कंटिन्युइटी जाते.’ मग व्हायचं तेच झालं. आपल्या फिल्ममध्ये मी गेटातून शिरते तेव्हा मुळे टवटवीत आहेत आणि पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांनी माना टाकल्यात. निहारिका पोट धरून हसली. ‘अंकल, आंटी कितने दिन से सीढ़ी चढ़ रही हैं?’

साडी तीच, शाल तीच, दर रविवारी. आणि धुकं. सगळी दिल्ली देवाला सांगत होती धुकं जाऊ दे, विमानं अडकलीत, ट्रेन अडकल्यात. एकटे तुम्ही सकाळी बाल्कनीत जाऊन लख्ख ऊन बघायचात आणि वैतागून आत यायचात.

मग एक दिवस दुपारी तुम्ही मला कॉम्प्युटरपाशी बोलावलंत. मी आडवी झाले होते, डोळ्यांवर झोप होती. ‘फक्त बघ,’ म्हणालात. मी बघितलं. मी धुक्यातून येतेय. जिना चढतेय, लक्ष्मीबाई नगरचा, तो मधे तुटलेला कठडा, तो कोपऱ्यातला मीटरचा डबा. माझा हात कडीला लागतो. दार आत ढकललं जातं आणि मी आत येते ती थेट इथे, आपल्या गाझियाबादच्या हॉलमध्ये, ऊन अंगावर घेत. मधे काहीच नाही. ट्रकमध्ये सामान घातलं, पडदे नवे शिवले, तुमची ती अँजिओग्राफी, मीनलचं सासरी जाणं, काही नाही. एक दार फक्त. त्या दारातून बाहेर पडले असते तर खाली मीनल पार्कात सायकल शिकत असती असं मला वाटलं.

‘कसं काय केलंत हो?’ मी विचारलं.

‘जोडलं,’ तुम्ही म्हणालात. ‘हात दाराला लागतो तिथे कापायचं. हालचाल चालू असली की सांधा दिसत नाही.’ कान लाल झाले होते तुमचे. प्रमोशनची ऑर्डर आली तेव्हाही इतके खूश दिसला नव्हतात.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं. अजूनही दुपारी डोळा लागला की तेच चालू होतं, जिना, कडी, ऊन. जागी होते तेव्हा थोडा वेळ कळत नाही यातलं कुठलं घर.

पण त्या दिवशीही मी म्हटलं होतं, आठवतंय का? ‘तुमचं बोलणं कुठे गेलं?’

‘काढलं.’

‘का म्हणून?’

‘अगं, ती चूक असते. माझी आवाजाची पट्टीच बंद केली. वर दुसरे आवाज टाकले.’ आणि मग तुम्ही अभिमानाने सगळे आवाज एकेक करून ऐकवलेत. चपलांचा जिन्यावरचा. कडीचा. पोपटांचा. भाजीवाल्याच्या हाळीचा. ते मिळवायला तुम्ही काय उच्छाद मांडला होतात तो मला माहीत. त्या दिवसांत आपल्या घरात मिक्सर लावायलाही परवानगी लागायची. जिथे जिथे तुमचं ‘हं, चल’ होतं, तिथे तुम्ही पोपट घातलेत. इतकं सफाईने की मला, जिच्या कानात ते बसलं होतं, तिलाही तुम्ही कुठे होतात ते ओळखता येईना.

‘बघणाऱ्याला कॅमेऱ्यामागे कुणी आहे हे कळता कामा नये,’ तुम्ही म्हणालात.

‘पण तुम्ही होतात ना?’

‘होतो. पण कळता कामा नये.’

‘का पण?’

‘नियम आहे.’

मी उठून चहा टाकायला गेले. नियम म्हटलं की तुमच्याशी बोलण्यात अर्थ नसायचा. या वादाचा निकाल काही लागला नाही. लागेल पुढे-मागे, घाई काय होती?

आणि तुमचा दुसरा नियम, ऑफिसचा. फेअर कॉपी सही होऊन गेली की रफ फाडायची. मंत्रालयात जन्म काढलात, तुमच्या टेबलावर संध्याकाळी कच्चा कागद सापडायचा नाही म्हणून साहेब लोक तुमचं नाव घ्यायचे. घरीसुद्धा तेच. मीनलच्या लग्नाची पत्रिका छापून आली आणि तुम्ही मजकुराचे सगळे खर्डे फाडून टाकलेत, त्यातल्या एका खर्ड्याच्या मागे माझी हलवायाला द्यायची ऑर्डर होती. तर फिल्मचंही तसंच केलंत. एकेक तुकडा जोडून झाला, निहारिकाने ‘ओके’ म्हटलं, की त्याचं सगळं मूळ शूटिंग फोनमधून पुसायचं, कॉम्प्युटरमधून पुसायचं, आणि त्या कॉम्प्युटरची केराची टोपलीसुद्धा रोज ऑफिस सुटायच्या वेळेला रिकामी करायची. मीनलच्या नवऱ्याने खूप प्रयत्न केला. शेवटी म्हणाला, ‘आई, बाबांनी काही म्हणजे काहीच ठेवलं नाही. असं काम प्रोफेशनल लोक पण करत नाहीत.’ तुमच्या पाठीवर थाप मारावी की डोकं फोडावं मला कळेना.

तुम्ही गेल्यावर मी ती फिल्म लावून बघितली. एकटीच होते. मीनल खाली दूध आणायला गेली होती. बघितली आणि बंद केली. काय दिसतं माहितेय त्यात? एक म्हातारी बाई धुक्यातून येते. भाजीची पिशवी घेऊन जिना चढते, मधे दम खायला थांबते. कुणी हाक मारत नाही. स्वतःच दार उघडते. आत येते, पिशवी ठेवते, रिकाम्या हॉलमधून बाल्कनीत जाते. घरात कुणी नाही. पोपट ओरडतात.

अहो, हे असं नव्हतं. ती बाई येत होती तेव्हा एक माणूस तिच्यासमोर उलटा चालत होता, धडपडेल म्हणून ती त्याच्यावर ओरडत होती. ती कठड्याला हात लावत होती कारण तो म्हणत होता लाव. ती थांबली की तो विचारायचा, पाणी हवंय का? तुम्ही सगळं खरं-खरं शूट केलंत आणि मग स्वतःला इतकं नीट पुसलंत की आता ते खोटं झालंय. की आता खरं झालंय? मला फार राग आला तुमचा. त्या रात्री मी तुमच्या फोटोला हार घातला नाही. दुसऱ्या दिवशी घातला.

मग निहारिका आली. मंडळाच्या हॉलमध्ये वर्गातल्या सगळ्यांच्या फिल्मा दाखवायचा कार्यक्रम ठरला होता आणि तुमची शेवटच्या सीनपाशी राहिली होती. लॅपटॉप उघडून ती माझ्याजवळ सतरंजीवर बसली. ‘आंटी, एक क्लिप बची है,’ म्हणाली. ‘अंकल ने भेजी थी काटने के लिए. बाल्कनी वाली.’

फेअर कॉपी झाली नव्हती, म्हणून तिच्याकडे राहिली होती; तुमच्याकडची तुम्ही पाठवल्या पाठवल्या पुसली होतीत. एवढी एकच.

तो मटारचा सीन. मला लगेच आठवला. जानेवारी सरत आला होता, ऊन चांगलं मऊ पडलं होतं, चटईवर मटारचा ढीग. घरी आलेली बाई उन्हात मटार सोलत बसते, आणि फिल्म संपते, असं तुमचं ठरलं होतं. निहारिकाने क्लिप लावली. माझे हात दिसले, शेंगा, परात. आणि एकदम इतक्या जवळून, माझ्या डोक्याच्या वरून यावं तसं:

‘हं.’

मी निहारिकाचा दंड पकडला. तिने थांबवली. म्हटलं, ‘थांबवू नकोस गं.’ मराठीत म्हटलं, तिला कळलं.

‘हं, सोल आता. भराभर नको. माझ्याकडे बघू नकोस. बघितलंस पुन्हा.’ मग माझा आवाज, ‘तुम्ही बोलणं बंद करा, मी बघणं बंद करते.’ मग तुमचं हसणं. तुम्ही हसायचात हे मी विसरलेच होते की काय कोण जाणे. तुम्ही ‘कट’ म्हणालात, फोन बाल्कनीच्या कठड्यावर आडवा ठेवलात, आणि बंद करायला विसरलात. नेहमीचंच. चालू करायला विसरायचात नाहीतर बंद करायला. त्यापुढे चित्रात नुसतं आकाश आहे. जरा पांढुरकं, कोपऱ्यात कुणाचा तरी पतंग. आणि खाली आपण दोघं बोलतोय.

काही विशेष नाही बोलत. तुम्ही माझ्याजवळ बसून शेंगा सोलताय, ते ऐकू येतं. मी सांगतेय, किडकी बाजूला टाका. तुम्ही सांगताय, इनामदारांना सर्दी झालीय. मी म्हणते, काढा देऊन येते उद्या. बराच वेळ नुसत्या शेंगा. मग तुम्ही म्हणता, ‘कुमुद, तुला आवडतं का गं हे सगळं? का मी आपला उगाच तुला नाचवतोय?’

आणि तेवढ्यात कुकरची शिटी होते. माझ्या बांगड्या वाजतात, पावलं आत जातात. तुम्ही एकटे शेंगा सोलत बसता. पतंग जातो. मी येते आणि म्हणते, ‘डाळ झाली, बसायचं का जेवायला?’ तुम्ही म्हणता, ‘चलो.’ क्लिप संपते.

निहारिकाने हळूच विचारलं. ‘आंटी, अंकल ने तो बोला था जहाँ भी उनकी आवाज़ है, वो काट देना. हाथों वाला हिस्सा रख लूँ? साफ़ हो जाएगा.’

मीनलही होती. तिचं म्हणणं पटण्यासारखं होतं. ‘आई, ही क्लिप आपण आपल्याजवळ ठेवू, दहा ठिकाणी ठेवू. पण फिल्म बाबांची आहे. त्यांना हवी तशीच दाखवू या ना. ते किती पर्टिक्युलर होते. लोकांसमोर त्यांची चूक का दाखवायची?’

मी तुमच्या खुर्चीकडे बघत बसले. तुमची बाजू मी तुमच्याहून चांगली मांडू शकते, इतक्या वेळा ऐकलीय. नियम आहे. कळता कामा नये. सफाईने केलेलं काम दिसत नाही. सगळं खरं. तुम्ही मन लावून शिकलात, त्या वयात, त्या डोळ्यांनी, बारीक बारीक तुकडे सांधत बसलात, ते मी मोडावं का? माझं म्हणणं खोडून काढायला तुम्ही समोर नाही, याचा फायदा घेतल्यासारखं होईल का?

पण मग त्या हॉलमध्ये सगळे बसतील आणि त्यांना काय दिसेल? बाई घरी येते आणि घरात कुणी नाही. आणि दिवे लागले की वळून माझ्याकडे बघतील, आणि हॉलमध्येही तेच दिसेल. नाही. ते मला जमणार नाही. आता रिकाम्या घरात यायचंच आहे मला, रोज यायचं आहे. पण त्या फिल्ममध्ये तुम्ही घरी होतात. ते लोकांना कळलं पाहिजे. हट्ट म्हणा.

‘बेटा,’ मी निहारिकाला म्हटलं, ‘बाकी सब अंकल का जैसा है वैसा रखो. एक भी जगह हाथ मत लगाना. आख़िर का ये पूरा रखो. पूरा.’

‘आसमान भी? आंटी, वो बहुत लंबा है. बीच में आप अंदर चली जाती हैं, कुछ होता ही नहीं. थोड़ा छोटा कर दूँ?’

‘वो भी रखो.’

नंतर भांडी आवरताना मीनल म्हणाली, ‘बाबा चिडले असते.’ म्हटलं, ‘चिडू दे. आजवर मीच चिडत आले.’

काल रविवारी दुपारी कार्यक्रम झाला. हॉलच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता, तरी फटींतून ऊन येत होतं. इनामदार भाऊजींची फिल्म आधी झाली, मग तुमची. मुळ्यांना लोक हसले. त्या दारापाशी, मी एका घरातून दुसऱ्या घरात आले तिथे, मागे कुणीतरी ‘अरे वाह’ म्हणालं, मराठी माणूस असून. तुम्हाला ऐकायला मिळायला हवं होतं. कुणालाही सांधा दिसला नाही. हॉल, बाल्कनी, पोपट. सगळा हॉल त्या एकट्या बाईला बघत. आणि मग माझे हात दिसले आणि तुम्ही म्हणालात, ‘हं.’

अख्ख्या हॉलमध्ये तुम्ही. छतापर्यंत. इनामदार भाऊजींनी चष्मा काढला.

मग आकाश आलं. लोकांना वाटलं काहीतरी बिघडलं, एकदोघांनी मागे वळून निहारिकाकडे पाहिलं. पण मग आपलं बोलणं ऐकू यायला लागलं आणि सगळे ऐकत राहिले, किडक्या शेंगांचं, सर्दीचं. तुम्ही मला विचारलंत, ‘तुला आवडतं का गं हे सगळं?’ कुकर वाजला. मी उठून आत गेले. पडद्यावर नुसतं ऊन आणि ती रिकामी जागा, निहारिकाला कापायची होती ती, लांबच लांब. तुम्ही थांबलेले. तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत, आणि मला तरी कुठे वाटलं होतं की याचं उत्तर द्यायचं राहतंय.

‘आवडतं,’ मी म्हटलं. ‘खूप आवडतं हो मला.’

बरंच मोठ्याने म्हटलं असावं. पुढच्या रांगेतल्या बायका वळल्या. मीनलने घाईघाईने माझा हात हातात घेतला आणि ‘आई, बाहेर जाऊ या का?’ म्हणून विचारायला लागली. तिला वाटलं मला रडू आवरत नाहीये. रडत नव्हते मी. तुम्ही अजून बाल्कनीत बसलेले होतात, आणि मी आतून यायच्या आधी तुम्हाला सांगून घेत होते.